दुपारचं वाचन, मोठ्या आवाजात

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात तीन पुस्तकं वाचून संपली. 'मी वाचली' असं म्हणत नाही, 'घरात संपली' असंच म्हणते. कारण तिन्ही पुस्तकं मोठ्याने वाचली गेली, आणि प्रत्येक वेळी ती ऐकायला कुणी ना कुणी बसलेलं होतं. ही पुस्तकं मला कशी वाटली ते आज सांगते. आणि एक आग्रहही धरते, तो पुन्हा पुन्हा धरणार आहे: घरात मोठ्याने वाचा.

पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं, 'बनगरवाडी'. १९५५ साली आलेली ही कादंबरी. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, माणदेशाचा तो मुलूख, आणि काळ औंध संस्थानचा. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. ही दुष्काळाची कादंबरी आहे असं बरेच जण सांगतात. मला विचाराल तर दुष्काळ शेवटी येतो. त्याआधीची सगळी कादंबरी विश्वासाची आहे. बाहेरून आलेल्या पोरसवदा माणसाला वाडी आपला कशी म्हणते, तो त्यांचे अर्ज लिहितो, भांडणं ऐकतो, सगळ्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो, त्या तालमीसाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. आणि मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरतात, माणसं वाट फुटेल तिकडे निघून जातात.

हा शेवटचा भाग मोठ्याने वाचणं फार अवघड आहे. आवाज साधा ठेवावा लागतो. माडगूळकर तिथे स्वतः रडत नाहीत, म्हणून वाचणाऱ्यानेही रडका सूर लावू नये. काही जण असं पुस्तक नाटकातल्यासारखं, आवाज कापत कापत वाचतात. त्याने लेखकाने मेहनतीने राखलेली शांतता मोडते, असं माझं ठाम मत आहे.

इथेच आणखी एक सांगून टाकते. शाळेच्या पुस्तकात एखाद्या कादंबरीचा उतारा येतो, त्याखाली 'सारांश लिहा' असा प्रश्न येतो, आणि मुलं ती कादंबरी आपण वाचली असं समजून पुढे जातात. उतारा जरूर द्या, पण शेवटी ठळक अक्षरांत लिहा, की हे पुस्तक वाचनालयात मिळतं, जा आणि आणा. मी पाठ्यपुस्तक मंडळात असते तर एवढं एक वाक्य भांडून घालून घेतलं असतं.

दुसरं पुस्तक आमच्या धाकट्याने आजीला वाचून दाखवलं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या मालिकेतलं एक. फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवनातला विद्यार्थी, हडकुळा आणि जिथे भानगड तिथे हजर. यात योगायोग जरा जास्त असतात असं मला वाटतं. हवा तो माणूस हव्या त्या वळणावर बरोबर भेटतो. पण वाक्यं पळतात, मुलाला धाप लागेपर्यंत पळतात, आणि वाचायला कंटाळणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. शिवाय बनेशचं ते 'ट्टॉक!' मनातल्या मनात वाचताच येत नाही. जीभ टाळूला लावून तो आवाज काढावाच लागतो. म्हणून म्हणते, मोठ्याने वाचा.

आता तिसरं पुस्तक. खरं तर मी आज त्याच्यासाठीच आले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

आमच्या सासूबाईंना आता वाचता येत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. माणसं ओळखू येतात, अक्षरं लागत नाहीत. जन्मभर चातुर्मासात पोथी लावणारी ही बाई. 'पांडवप्रताप', 'हरिविजय', सोमवारी 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय. त्या वाचायच्या आणि भोवती बायका वाती वळत ऐकायच्या. श्रीधरस्वामींनी तीनशे वर्षांपूर्वी हे ग्रंथ लिहिले तेच मुळी श्रोत्यांसाठी. ओवी-ओवीतून ते 'श्रोते' म्हणून हाक मारतात. एकट्याने कोपऱ्यात बसून वाचणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हताच. अशा बाईच्या हातातून पोथी गेली, तेव्हा मी ठरवलं की दुपारची जेवणं आटोपली की सोप्यावर बसून आपण वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. आणि वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' आणलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरचं नाव मनू. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून ओळखल्या गेलेल्या कवीशी. शाळेत कधी गेल्या नाहीत, अक्षरओळख लग्नानंतर झाली. म्हातारपणी मुलाच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, आणि १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपात आल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईच्या तोडीचं आत्मचरित्र मराठीत दुसरं नाही. हे माझं मत आहे आणि ते मी कुणाहीसमोर मांडीन. ती भाषा लिहिलेली वाटतच नाही. समोर बसून, हातातलं काम न थांबवता कुणीतरी सांगतंय असंच वाटतं.

तर वाचन सुरू झालं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड सुरुवातीलाच येतं. बाहेरून घरात आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चालायची नाही, आणि त्यापायी घरातल्या बायकांचे हाल हाल व्हायचे. सासूबाई ते ऐकून खूप हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. आमच्याकडेही सोवळं कडक होतं. मावशींचा, म्हणजे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा, चहाचा पेला वेगळा होता. मोठा, स्टीलचा, मागच्या खिडकीत पालथा घातलेला. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्याही आधीपासून तो तिथे होता.

मावशी मागच्या दारी मोरीवर भांडी घासायच्या. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की वाचन चालू असताना भांड्यांचा आवाज कमी होतो. मग एक दिवस त्या आपण होऊन दारात येऊन टेकल्या. म्हणाल्या, "वाचा वैनी, हितनं नीट ऐकू येतंय."

मध्यंतरी मला लग्नासाठी कराडला जावं लागलं. वाचनाचं काम धाकट्यावर आलं. तो नववीत. चार वाजता मैदानावर मॅच, तीन वाजल्यापासून फाटकाशी मित्राची सायकलची घंटी. पोराने काय केलं, तर तीन-चार पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचून मोकळा झाला. आजी काही बोलल्या नाहीत. त्याला वाटलं, खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडल्यावर मावशी दारातून म्हणाल्या, "थांब रं बाळा. परवा टिळक रुसून घर सोडून गेलं हुतं न्हवं? मग काल घरात बसून कविता कवा कराय लागलं? आलं कवा परत?"

धाकटा गप्प. आजी शांतपणे म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचं होतं."

"मग काल का नाही विचारलंस?"

"तुला खेळायला जायचं होतं. आज मॅच नाही ना? मग ती पानं आज वाच."

त्याने ती पानं वाचली. मुकाट्याने वाचली हे तर झालंच, पण टिळक पुन्हा पुन्हा न सांगता का जातात आणि ही बाई पुन्हा पुन्हा घर कसं सावरते, या प्रश्नात तो स्वतःच अडकला. मी परत आले तर पुस्तक त्याच्या उशाशी. दुपारी वाचायची पानं तो आदल्या रात्रीच वाचून ठेवायचा. मी म्हटलं, आता मी वाचते, तर म्हणाला, "नको, मावशी मला विचारतात."

अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईने एका वाक्यात तुटलेला धागा पकडला, श्रोतेहो. ऐकणारं माणूस वाचणाऱ्यापेक्षा जास्त सावध असतं. वाचणाऱ्याचा डोळा ओळी गाळतो, आणि ऐकणाऱ्याला सगळं लक्षात ठेवावंच लागतं, कारण मागचं पान उलटून बघायची सोय त्याला नसते.

मग ते प्रकरण आलं. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोला ते नंतर कळलं. त्या दिवशी आमच्या सोप्यावर भांडणच झालं. सासूबाई संतापल्या. "धर्म बदलायचा तर बदल, पण जिच्याशी संसार केला तिला एका शब्दाने विचारायचं नाही?" मावशींचं म्हणणं वेगळं. "त्यो गेला त्यो गेला. पर ती बघा की, पोराला घिऊन उभी ऱ्हायली." दोघी दुसऱ्या दिवशीही त्याच विषयावर होत्या. आधीच्या सगळ्या वर्षांत त्यांचं बोलणं कढईला राहिलेला तेलकटपणा आणि उद्याची सुट्टी, याच्या पलीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या, तरी आपलं सोवळंओवळं, आपली वेगळी चूल त्यांनी सोडली नव्हती. पुढे ते त्यांनी सोडलं ते कुणाच्या सांगण्यावरून नाही. जात देवाने केली की माणसाने, याचा स्वतःशी विचार केला आणि सोडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. हे पान मी वाचलं त्या दिवशी सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मी पुस्तक मिटलं, चहा टाकायला उठले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशींचा चहा आजपासून आपल्या कपात दे."

मावशी तिथेच होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "नगं आज्जी. तुमच्या कपात दोन घोट बसत्यात. माझा पेलाच बरा हाय."

सासूबाईंनी जरा विचार केला. म्हणाल्या, "मग पेला तोच राहू दे. पण खिडकीत नको. इथे फळीवर, आपल्या भांड्यांत ठेव."

पेला आता फळीवर असतो.

वेळ थोडा उरलाय, म्हणून कामाचं तेवढं भरभर सांगते. अर्धा तास पुरे, त्याहून जास्त वाचू नका. चालू गोष्ट अशा जागी सोडा की उद्या कुणीतरी विचारलं पाहिजे, 'मग काय झालं?' ऐकणाऱ्याला हातात काम असू द्या: लसूण सोलणं, मेथी निवडणं, काहीही. हात गुंतले की कान मोकळा होतो. मुलाला 'वाच' म्हणू नका, 'आजीला वाचून दाखव' म्हणा. आणि कानात यंत्र घालून एकट्याने पुस्तक ऐकायची सोय आता झाली आहे. चांगली आहे, प्रवासात मीही ऐकते. पण तिथे मध्येच "थांब, ते परत कधी आले?" असं विचारणारं कुणी नसतं. घरात मोठ्याने वाचा.

प्रकाशकांनाही एक विनंती. अक्षर मोठं करा. नव्या आवृत्त्यांमध्ये पानं वाचवायला टाइप इतका बारीक करतात की पन्नाशीच्या माणसाला दिव्याखाली बसावं लागतं. दिवाळी अंकांचंही तेच: जाहिरातीतलं अक्षर हे एवढं मोठं आणि कथेचं मुंगीएवढं. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली घरगुती परंपरा आहे. एक अंक आणला की घरातल्या सगळ्यांच्या हातातून फिरतो. त्यात डोळे अधू झालेलेही असतात.

आणि वाचनालयाची वर्गणी भरा. 'क' आणि 'ड' वर्गातल्या छोट्या वाचनालयांचे ग्रंथपाल किती तुटपुंज्या मानधनावर काम करतात ते एकदा चौकशी करून बघा. २०१९ च्या पुरात आमच्याकडच्या वाचनालयांतली हजारो पुस्तकं भिजली, तेव्हा याच माणसांनी चिखलातून कपाटं उपसली. त्यांच्यासाठी कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणून मला मिळालेल्या वेळातला हा अर्धा मिनिट मी त्यांना देते.

आता आमच्याकडे पुढचं पुस्तक कोणतं यावर मतभेद आहेत. सासूबाई म्हणतात, श्रावण येतोय, 'भक्तिविजय' लावा. धाकट्याला फास्टर फेणेचं पुढचं हवंय. मावशींनी विचारलं, "त्या बाईंचं आनि काय हाय का?" आहे. लक्ष्मीबाईंच्या कवितांचं पुस्तक आहे, 'भरली घागर'. वाचनालयात नाव नोंदवून ठेवलं आहे, एक प्रत बाहेर गेलेली आहे ती आली की देतो म्हणाले. तोवर दुपारी 'भक्तिविजय', आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं फेणे, असं ठरलं आहे.

नमस्कार.