मोटर फिरली की रिमोट का गंडतो

रोबो टेबलावर गुणी बाळासारखा चालतो आणि मोटरी जोरात फिरवल्या की रिमोटचं ऐकत नाही, असं किती जणांचं झालंय? बरेच हात वर आहेत. मग आज एकाच रोबोची गोष्ट सांगतो, नीट, पहिल्यापासून.

आमच्या ग्रुपचा चार चाकी रोबो होता. १२ व्होल्टच्या गिअर मोटरी, त्यांना करंट देणारा एल२९८ ड्रायव्हर, डोकं म्हणून अर्दुइनो नॅनो बोर्ड आणि तुम्ही सगळे वापरता ते रिमोटचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झवर पकडणारं एनआरएफ२४ रेडिओ मॉड्यूल. सरळ जाताना ठीक, पण झटक्यात रिव्हर्स मारला की सिग्नल गायब आणि शेवटची कमांड तशीच चालू राहायची. एकदा तो तसाच सुटला आणि समोर उभ्या असलेल्या एका लहान मुलीच्या पायावर गेला. फार लागलं नाही, पण ती रडायला लागली आणि त्या दिवशी आम्ही ठरवलं की आधी फेलसेफ, मग बाकी सगळं. पाव सेकंद रिमोटकडून पॅकेट, म्हणजे कमांडचा एक निरोप, आलं नाही तर मोटरी बंद. कोडच्या चार ओळी आहेत, ज्यांनी टाकल्या नसतील त्यांनी आज घरी गेल्यावर टाका, प्लीज.

आता इंटरफिअरन्स, म्हणजे सिग्नलमध्ये बाहेरची गडबड, म्हटलं की सगळ्यांचं लक्ष अँटेनाकडे जातं. मॉड्यूल डुप्लिकेट असेल, वायफाय आडवं येत असेल, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन नवीन मॉड्यूल आणायचं, आम्ही असे तीन आणले आणि तिघांचंही तेच. कारण गडबड कुठून आत येतेय तेच आम्ही बघितलं नव्हतं, हवेतून येतेय की वायरीतून, आणि माझं ठाम मत आहे की पहिला प्रश्न हाच विचारायचा.

त्यासाठी आकडा लागतो, "जरा बरं वाटतंय" यावर काही ठरत नाही. रिमोट सेकंदाला ५० पॅकेट पाठवतोय, प्रत्येकावर नंबर आहे आणि किती आली ते रोबो दर सेकंदाला मोजतोय, एवढं केलं. रोबो दोन विटांवर ठेवला, चाकं अधांतरी. मोटर बंद, ५० पैकी ५०. मोटरी पुढे मागे केल्या की ३१.

मग मोटरी काढून त्यांच्या जागी बाइकच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट १० वॅटचे बल्ब लावले. चाकं वर असताना मोटर जेवढा करंट खाते त्याहून बल्ब जास्तच खातो, पण बल्बात ब्रश नाही, ठिणगी नाही. आकडा परत ५०! म्हणजे नुसत्या लोडनं बिघडत नव्हतं. बल्बनंही आकडा पडला असता तर बॅटरी, वायरची जाडी, रेग्युलेटर हे बघायला लागलं असतं. आमच्याकडे चोर ठिणगीच होती.

ही ठिणगी म्हणजे काय, तर मोटरच्या आत करंट देणारा ब्रश फिरत्या कम्युटेटरच्या एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना कॉइलमधला करंट तुटतो, कॉइल ते सहन करत नाही, व्होल्टेज उसळतं. हर्ट्झनं १८८७ च्या सुमाराला रेडिओ लहरी तयार केल्या त्या ठिणगीतूनच, आणि आपली मोटर तेच काम दर सेकंदाला शेकडो वेळा करते.

तिसरी टेस्ट. मोटरी परत लावल्या, पण मॉड्यूलला पॉवर नॅनोकडून न देता वेगळ्या दोन पेन्सिल सेलवरून दिली. मॉड्यूल १.९ ते ३.६ व्होल्टवर चालतं, त्यामुळे ३ व्होल्ट पुरतात, ग्राउंड मात्र कॉमन ठेवायचं. आकडा ४४. म्हणजे १९ पॅकेट मरत होती त्यातली १३ सप्लायच्या वायरीतून येणाऱ्या घाणीनं मरत होती, अँटेनाचा त्यात काहीच दोष नाही.

उरली ६. इथं घरातला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ कामाला आला, मीडियम वेव्हवाला. पुण्यात आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लागते, तिच्यापासून लांब, जिथं स्टेशन नाही तिथं काटा ठेवायचा आणि रेडिओ रोबोभोवती हळूहळू फिरवायचा. स्पीड कमी ठेवून मोटर चालवली की खरखरीच्या आत एक बारीक सूर ऐकू येतो, तो अर्दुइनोचा पीडब्ल्यूएम, म्हणजे स्पीड कमी करायला मोटर झपाट्यानं चालू-बंद करणं, बहुतेक पिनांवर साधारण ४९० हर्ट्झ. मोटरी बंद करूनही गुरगुर राहिली तर बक कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज खाली आणणारं सर्किट, बघा, एलएम२५९६ साधारण १५० किलोहर्ट्झवर स्विच होतो, त्यामुळे डायलवर तेवढ्या तेवढ्या अंतरानं परत परत सापडतो.

मला वाटलं होतं की रेडिओ मोटरीपाशी सगळ्यात जास्त ओरडेल. तसं झालं नाही. मोटरीपासून ड्रायव्हरपर्यंत दीड फूट लांब दोन सुट्या वायरी होत्या, त्यांच्या बाजूनं रेडिओ नेला की तो नुसता किंचाळायचा. त्या वायरीच अँटेना झाल्या होत्या, आणि मॉड्यूलच्या जंपर वायरी त्यांना खेटून गेलेल्या. २.४ गिगाहर्ट्झपर्यंत ठिणगीचा जोर फारसा पोचत नाही, पण मॉड्यूल आणि नॅनोच्या मधल्या जंपरवर तो चढला की आलेलं पॅकेटसुद्धा नॅनोला वाचता येत नाही.

मग दुरुस्ती. १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक मोटरला तीन, एक दोन टर्मिनलच्या मधे आणि एकेक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याला. पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, नाहीतर सोल्डर थेंबासारखं घरंगळतं. कपॅसिटर मोटरवरच बसायला हवेत, ड्रायव्हरपाशी लावून उपयोग नाही, तोवर ती घाण दीड फूट फिरून आलेली असते. वायरींना वेणीसारखा पीळ दिला, जंपर आखूड केले, मॉड्यूल मोटरीपासून लांब रोबोच्याच वरच्या मजल्यावर नेलं आणि त्याच्या पायांवरच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. पेन्सिल सेल काढून टाकले. ५० पैकी ५०, रिव्हर्स मारूनसुद्धा.

वायफायचा विषय एवढं झाल्यावर. १, ६, ११ या चॅनेलचे मध्य २४१२, २४३७, २४६२ मेगाहर्ट्झवर आहेत, तुमच्या सोसायटीत कुठलं भरलंय ते बघा आणि लांबचं निवडा. पण वायफाय नको म्हणून मॉड्यूलचं चॅनेल १०८ वगैरे करू नका, ते २४०० अधिक १०८ म्हणजे २५०८ मेगाहर्ट्झ होतं आणि लायसन्स न लागणारा बँड २४८३.५ ला संपतो, पुढची जागा आपली नाही.

बल्ब आणि रेडिओ दोन्ही मागच्या टेबलावर ठेवलेत, विटाही आहेत. ज्यांनी रोबो आणलाय त्यांनी चाकं वर करून लावा, आधी बल्बवरचा आकडा घेऊ.