ओढ्यावरचा खासगी बांध

मुळशी तालुक्यात, पुणे शहरापासून दीड तासाच्या अंतरावर, एका ओढ्यावर घातलेला हा मातीचा बांध आहे. त्याची उंची सुमारे 8 मीटर आहे. माथ्यावर फरशी घालून बाकडी मांडली आहेत आणि वरच्या अंगाला एक हेक्टरभर पसरलेले तळे आहे. शनिवार-रविवारी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी काठाला दोन पेडल बोटी बांधून ठेवल्या आहेत. मालकाचे आणि गावाचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण मावळ, मुळशी आणि वेल्हे भागांत फार्महाऊसच्या आणि रिसॉर्टच्या आवारात अशी तळी आम्हाला इतरत्रही दिसली.

तळे लहान दिसते. सरासरी खोली 3 मीटर धरली, तर त्यात 30,000 घनमीटर, म्हणजे 3 कोटी लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन 30,000 टन भरते. या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर धरले, तर 100 मिलिमीटर पावसात त्यावर 1 लाख घनमीटर पाणी पडते, आणि जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातले बहुतेक पाणी तळ्यातच उतरते. याच तालुक्यातील ताम्हिणी घाटात जुलै 2024 मध्ये एका दिवसात 500 मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली आहे.

एवढे पाणी बांधाला धक्का न लावता बाहेर काढण्याचे काम सांडव्याचे असते. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते उताराची माती कापत जाते आणि पाहता पाहता भगदाड पडते. म्हणून सांडवा पुरेसा रुंद आणि सदैव मोकळा असावा लागतो. इथल्या सांडव्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून बांबूंना नायलॉनची जाळी बांधली आहे. जाळीला पालापाचोळा, एक वाळकी फांदी आणि पाण्याच्या बाटल्या अडकल्या आहेत. तिच्या पायाशी वाळूच्या पोत्यांचे दोन थर रचले आहेत, कारण उन्हाळ्यातही बोटी चालाव्यात एवढे पाणी राहायला हवे.

अशीच जाळी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरणाच्या सांडव्यावर होती. हे धरण श्रीमंत सभासदांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबच्या मालकीचे होते. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते आणि क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्यांना वाट रुंद व्हावी म्हणून धरणाचा माथाही उतरवला होता. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि खाली वसलेल्या जॉन्सटाउनमध्ये 2,209 माणसे मृत्युमुखी पडली.

आता बांधाच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी येऊ. बांधातून जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाजवळ हाताच्या पंजाएवढी जागा ओली आहे आणि तिथून पाण्याची बारीक धार लागली आहे. "काका, हे पाणी कधीपासून येतंय?" असे आम्ही राखणदारांना विचारले. "दर पावसाळ्यात येतं, दादा. पण नितळ असतं," असे ते म्हणाले. त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. पाझर नितळ असेल तर त्यावर लक्ष ठेवता येते. तो गढूळ झाला की पाण्याबरोबर बांधाची मातीही बाहेर पडू लागली आहे असे समजायचे असते, आणि पाइपालगतची जागा यासाठी सर्वांत नाजूक असते. हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तेव्हा पाणी सोडण्याच्या विमोचकातील बांधकामाचा दोषच घातक ठरला होता, आणि आदल्या रात्री जवान पोती रचून धरण वाचवण्याची शर्थ करत होते.

राखणदारांचे हे निरीक्षण लिहून घेणारे मात्र कोणी नाही. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना तो लांबी, साठा, पूरविसर्ग अशा निकषांत बसल्यासच लागू होतो. त्या धरणांच्या मालकांना, मग ते खासगी असले तरी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून घ्यावी लागते. आठ मीटरचा बांध या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. वास्तविक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 प्रमाणे ओढे-नाले ही सर्वसाधारणपणे शासनाची मालमत्ता आहे, तेव्हा ओढा अडवणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार शासनाला आहेच.

आमच्या मते कायद्याने उंचीबरोबर बांधाच्या खाली कोण राहते हेही पाहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण तर सरकारी होते, त्याच्या गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, तरीही 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. जिथे तक्रार ऐकणारे खातेच नाही, तिथे निदान तालुक्यातील अशा प्रत्येक बांधाची तहसील कार्यालयात नोंद असावी, मालकाने मे महिन्यात जाणकार अभियंत्याकडून सांडवा, भराव आणि पाइप तपासून घ्यावा, आणि तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. हा खर्च तळ्याच्या उत्पन्नातून सहज निघण्यासारखा आहे.

या ओढ्याच्या काठी खाली 14 घरांची वस्ती आहे. बांधापासून तिथवर चालत जायला आम्हाला 11 मिनिटे लागली. शेवटच्या घरातल्या आजींना आम्ही विचारले, की रात्री पाणी वाढले तर वरून तुम्हाला कोण कळवते? त्यांनी सुनेकडे पाहिले, आणि सुनेने आमच्याकडेच राखणदारांचा फोन नंबर मागितला.