कोअ‍ॅक्सियल घेताना ट्वीटर कुठे बसलाय ते बघा

कोअ‍ॅक्सियल म्हणजे खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे सूर वाजवणारा ट्वीटर एकाच मध्यावर बसवलेला स्पीकर. हा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवायचा नुसता स्पीकर, जरा जवळून बघा. वूफरच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, बरोब्बर मधे, जिथे एरवी धूळ अडवणारी डस्ट कॅप असते, तिथे भोक आहे, आणि त्याच्या मागे मॅग्नेटला बोल्टने आवळलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे यातला ट्वीटर. त्याचा आवाज मॅग्नेटच्या पोटातून वाट काढत पुढे येतो आणि बाहेर पडताना हा कोनच त्याचा भोंगा होतो. टॅनॉय कंपनीने असा ड्युअल कॉन्सेन्ट्रिक आणला तो १९४७ साली. मग १९८८ मधे केफ कंपनीचा युनि-क्यू, निओडिमियम मॅग्नेटमुळे ट्वीटर इतका लहान करता आला की तो थेट वूफरच्या व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, आतच बसवला.

फोंड्याच्या या वर्कशॉपमधे टेबलावर दुसराही एक कोअ‍ॅक्सियल आहे, गाडीच्या दारात लावतात तो. यात ट्वीटर कोनच्या पुढे दांडीवर उभा केलाय, मागे एक कपॅसिटर जोडला की झाला क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट. गाडीत ठीक आहे, पण घरच्या हायफायसाठी हा घेऊच नका, कितीही वॅट छापलेले असू देत.

आता टेप लावून दाखवतोय ते नेहमीच्या टू-वे बॉक्सवर, ज्यात वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे बसवलेले असतात. वूफरच्या मध्यापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत जवळपास १७ सेंटिमीटर, आणि २००० हर्ट्झला आवाजाची एक लाट साधारण तेवढीच लांब, म्हणून क्रॉसओव्हरच्या आसपास दोघांचा आवाज कुठे जुळतो कुठे एकमेकाला कापतो आणि तुम्ही खुर्चीतून नुसते उठलात तरी गाणं बदलतं. आपल्याकडच्या खोल्या छोट्या, स्पीकर सात-आठ फुटांवर, तिथे तर हे फारच जाणवतं. कोअ‍ॅक्सियलमधे दोघांचा मध्य एकच, म्हणून हा त्रास नाही.

आता माइक स्टँडवर, कोअ‍ॅक्सियल स्पीकर फिरत्या स्टुलावर. अगदी समोरून मोजलं की ग्राफमधे वरच्या सुरांच्या बाजूला हा खड्डा, कारण सगळं गोल असल्याने कोनच्या काठावरून परतणाऱ्या लाटा मधल्या रेषेवर एकदमच पोचतात. १५ डिग्री वळवला, बघा, बराच भरला. म्हणून विकत घेताना बाजूचे ग्राफ मागा, समोरचा एकटा ग्राफ काही कामाचा नाही, आणि घरी स्पीकर थेट तोंडावर रोखू नका. कोन फार हलला तर ट्वीटरचा भोंगाच हलतो, त्यामुळे ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरकडे दिलेलं बरं.

केरीच्या केसरबाई केरकरांचं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलंय, आवाज दोन कोअ‍ॅक्सियल बॉक्सच्या मधोमध, उभं राहून ऐका नाहीतर बसून.

बॉक्स १८ एमएम मरीन प्लायचा, एमडीएफच्या कडा आपल्या पावसात फुगतात. आणि ड्रायव्हरला फोमची सराउंड (कोनच्या काठाची लवचिक कड) नकोच, दमट हवेत ती विरून जाते, रबरी किंवा कापडी बघून घ्या.