गच्चीवरची बुटकी टाकी

(दृश्य: पुण्यातल्या धायरीतली गच्ची. मामा आणि भाची टाकी बांधतायत. दोन लाकडी घोड्यांवर ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, बाजूला राउटर, म्हणजे कड तासायचं यंत्र.)

लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ६०, उंची जेमतेम ३०. मासे पाळणारे शेजारी मघाशी डोकावून गेले. एवढी बुटकी टाकी कशाला, हा त्यांचा प्रश्न.

यात माशांना फारसं स्थान नाही. इथे वाढणार आहेत प्रवाळांचे तुकडे, मोठ्या वसाहतीतून कापून घेतलेले, नखाएवढे. छंदातली मंडळी त्यांना फ्रॅग म्हणतात. त्यांना वरून सारखा पडणारा उजेड लागतो, आणि पाळणाऱ्याचा हात तळापर्यंत पोचावा लागतो. दोन्हीला उथळ टाकीच बरी.

शिवाय पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, लिटरवर नाही. २७ सेंटिमीटर पाणी भरलं की लांब भिंतीवर साधारण ३३ किलोंचा रेटा येतो. खोली दुप्पट केली की रेटा चौपट! पहिलीच टाकी बांधणाऱ्याने उंचीच्या मोहात पडू नये.

(दृश्य: शीटची कड, अगदी जवळून.)

शीट १२ मिलिमीटरची, कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली. एक्स्ट्रूडेड, म्हणजे दाबून काढलेली शीट स्वस्त पडते, दिसतेही तशीच, पण जोडताना वापरायचं, प्लास्टिक विरघळवणारं द्रावक लागलं की तिला बारीक तडे लवकर जातात. आणखी एक मोह म्हणजे बोर्डवाल्याकडून लेझरवर कापून आणण्याचा. ती कड कशी चकाकते! नेमप्लेटला उत्तम. पण कापताना लागलेल्या उष्णतेचा ताण कडेत अडकून राहतो आणि जोडताना तड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून मामा प्रत्येक कड राउटरने तासून घेतात, काटकोन तपासायला गुण्या लावतात, मग दोन तुकडे एकमेकांवर टेकवून उजेडासमोर धरतात. फटीतून कुठे उजेड दिसला की पुन्हा राउटर. भाचीला हा भाग कंटाळवाणा वाटतो. टाकी गळणार की नाही, ते मात्र इथेच ठरतं.

(दृश्य: जोडकाम. निवेदन संथ.)

उभी भिंत तळावर ठेवली आहे, पण दोघांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर वायरीतून सोलून काढलेल्या बारीक तारा. सुईच्या बाटलीतून द्रावक सोडलं की केशाकर्षणाने ते आपणहून फटीत धावत जातं. आपल्याकडचे ॲक्रिलिकवाले यासाठी सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. त्याची वाफ घातक, म्हणून तर हे काम गच्चीवर चाललंय.

साधारण पाऊण मिनिट थांबायचं. कडा मऊ पडल्या की तारा एकेक करून ओढायच्या आणि भिंतीला तिच्याच वजनाने बसू द्यायचं. वरून दाबलं तर द्रावक बाहेर येतं, जोड कोरडा राहतो. सगळं जमलं तर द्रावक उडून जातं आणि दोन्हीकडचं प्लास्टिक एकजीव होतं. जोडात पांढरे बुडबुडे दिसले, तर तेवढी जागा कच्ची.

भिंती फुगू नयेत म्हणून वर चारही बाजूंनी पट्टी. मग साधं पाणी भरून काही दिवस गच्चीवरच चाचणी.

खरं सांगायचं तर काचेची टाकी स्वस्तात झाली असती, आणि तिच्यावर एवढे ओरखडेही पडत नाहीत. पण त्याच मापाची काच दुपटीहून जड, आणि ॲक्रिलिकला साध्या होल-सॉने भोकं पाडता येतात.

(दृश्य: बादलीत मीठ ढवळताना भाची.)

सुमारे १४५ लिटर पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम समुद्री मिश्रण, म्हणजे पाच किलो मीठ. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून आरओचं पाणी. पितळेची एकही तोटी नाही, कारण तांबं प्रवाळांना विष. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे जातात. तोवर टाकीत प्रवाळं नाहीत.

आणि प्रवाळं कुठून आणायची? मालवणच्या खडकांवरून नक्कीच नाही. रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्रपंखेसुद्धा. या टाकीत येतायत ती झोअँथिड आणि मश्रूम नावाची, सांगाडा नसलेली प्रवाळं, तीही दुसऱ्या टाकीत वाढलेली. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि झोअँथिड वाढलेल्या दगडावर उकळतं पाणी कधीही ओतायचं नाही.

कापलेला तुकडा सुपरग्लूच्या जेलने छोट्या सिरॅमिक बुडख्यावर बसतो. बुडखे उभे राहतात फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लावतात त्या चौकटीच्या जाळीवर.

उरला प्रश्न पुण्याच्या उन्हाळ्याचा. पंखा लावला की पाणी गार राहतं, पण भराभर आटतं. मीठ मागेच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. आणि वीज गेली तर? इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारी मोटर घ्यायची, दिवे नाही. काही तास अंधार प्रवाळांना चालतो. पाणी हलायचं थांबलं, की प्राणवायू कमी पडायला लागतो.