उपग्रह काढून घेतले तर?

नमस्कार श्रोतेहो. वादळ म्हटलं की उपग्रहाचं ते छायाचित्र डोळ्यांपुढे येतं, पांढरा भोवरा आणि मधोमध डोळा. पण पाच दिवस आधीचा अंदाज त्या चित्रातून निघत नाही. पुन्हा सांगते, चित्रातून नाही, मोजमापांतून निघतो.

साधारण 850 किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांना वळसे घालणारे उपग्रह हवेतल्या ऑक्सिजनमधून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपतात. या लहरी ढगांतूनही बऱ्याच अंशी पार येतात. त्यांवरून कोणत्या थरात हवा किती गरम ते समजतं. कपाळाला हात न लावता ताप सांगावा, तसं. पाण्याच्या वाफेची खूण मिळते 23.8 गिगाहर्ट्झपाशी, आणि त्याच्या शेजारचा लहरींचा पट्टा मोबाईलसाठी दिला जातो, म्हणजे मोबाईलचा गोंगाट या खुणेत मिसळू शकतो, हे मला मुळीच पटत नाही. मोबाईलला दुसरा पट्टा देता येईल, वाफेला कुठून देणार? असो.

ही मोजमापं संगणकात घातली की आजच्या हवेचा नकाशा तयार होतो. अंदाज तिथूनच पुढे चालतो.

आता सँडीची गोष्ट. ऑक्टोबर 2012. कॅरिबियनमधून हे वादळ उत्तरेकडे निघालं. अशी वादळं बहुधा पूर्वेला वळून अटलांटिकवर विरून जातात. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान केंद्राचा अंदाज मात्र बरेच दिवस आधीपासून सांगत होता, हे डावीकडे वळणार, थेट अमेरिकेच्या किनाऱ्यावर येणार. आणि 29 तारखेच्या रात्री सँडी न्यू जर्सीवर धडकलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचं पाणी शिरलं.

नंतर रेडिंगच्या त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जे केलं, ते मला फार आवडतं. त्यांनी तोच अंदाज पुन्हा चालवला, पण काही उपग्रह मुद्दाम वगळून. आधी 36 हजार किलोमीटरवरचे, एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह काढले, म्हणजे ती आपली रोजची ढगांची चित्रं पाठवणारे. वादळ तरीही न्यू जर्सीलाच आलं, फक्त वेळ थोडी सरकली.

मग ते परत घेतले आणि ध्रुवीय उपग्रह काढले. हो, तेच, ताप मोजणारे. केंद्राच्या संगणकात जाणाऱ्या निरीक्षणांपैकी जवळपास 90 टक्के त्यांचीच होती. बाकी सगळं तेच ठेवलं, वादळ तेच, संगणक तोच. चार-पाच दिवस आधीच्या त्या नव्या नकाशावर न्यू जर्सीच्या किनाऱ्यासाठी कसलाही इशारा उरला नव्हता.