उत्तरायणाची संध्याकाळ आणि वडोद्याची वटवाघळं

[दृश्य : मावळतीचं आकाश, गच्च्यांवर गर्दी]

१४ जानेवारीला, म्हणजे गुजरातच्या पतंगांच्या सणाला, उत्तरायणाला, वडोद्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. गच्च्यांवरचा कल्ला तेव्हा थांबत नाही. पतंग उतरतात, तुक्कल म्हणजे कागदी कंदील चढतात. आणि त्याच वेळी जुन्या वड-पिंपळांवरची मोठी वटवाघळं चरायला निघतात.

भारतातलं हे सर्वांत मोठं वटवाघूळ. पंख पसरले की सव्वा ते दीड मीटर, वजन किलो-सव्वा किलो. किडे खाणारी छोटी वटवाघळं प्रतिध्वनीवर वाट काढतात, याची भिस्त मात्र डोळ्यांवर आणि नाकावर. अंधुक उजेडात त्याला छान दिसतं, पण काचेची पूड लावलेला ताणलेला दोरा दिसत नाही. दोरा पंखाचा पडदा कापतो, जीव धडपडतो आणि धडपडीनेच तो पंखातल्या बोटांच्या हाडांभोवती आवळत जातो. नायलॉनचा असेल तर तुटतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली ती उगीच नाही.

[दृश्य : फांदीला लटकलेली वसाहत]

नुकसान मोठं ठरतं ते महिन्यामुळे. यांचं मीलन जुलै ते ऑक्टोबर, गर्भ जवळपास पाच महिने, पिल्लं फेब्रुवारी ते मे. म्हणजे उत्तरायणात बऱ्याच माद्या गाभण असतात. आणि पिल्लू वर्षाला एकच. उंदीर-घुशींसारखी भरपाई इथे होत नाही. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्याच यादीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या जातीला संरक्षण मिळालं. फार उशिरा मिळालं.

[दृश्य : हातमोजे, जाड टॉवेल, खोका]

अडकलेलं वटवाघूळ दिसलं तर आधी १९६२ वर गुजरातच्या करुणा पशु-रुग्णवाहिकेला फोन करा. उघड्या हाताने शिवू नका. घाबरलेला प्राणी चावतोच. चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सोडवायचं काम दोघांचं, आणि ते सरावाच्या माणसांनीच करावं. एकाने चामडी हातमोजे घालून जाड टॉवेलमध्ये डोकं आणि अंग हलकेच धरायचं, दुसऱ्याने जखमेच्या दोन्ही बाजूंनी दोरा कापायचा. रुतलेला तुकडा ओढायचा नाही. रक्त सुकून तो पडद्याला चिकटलेला असतो, ओढला की पडदाच फाटतो. तो तुकडा पशुवैद्य काढतील.

मग भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि आतून कापड टांगा, म्हणजे त्याला उलटं लटकता येईल. उताणं ठेवून तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. दूध तर नकोच.

पडद्यातली भोकं काही आठवड्यांत भरून येतात, हाड मोडलं तर प्रश्न अवघड होतो. पण दोऱ्याने रक्तपुरवठा तुटला असेल, तर पडदा काही दिवसांनी काळा पडून झडतो. म्हणून ‘बरं दिसतंय, उडवून टाकू’ ही घाई घातक. सोडतानाही हवेत भिरकावू नये. जमिनीवरून त्याला उडणं जड जातं. संध्याकाळी, त्याच्याच वसाहतीजवळ, झाडाच्या खोडाला लावावं. ते वर चढून उडतं.

वटवाघळांमार्फत पसरू शकणाऱ्या निपा विषाणूच्या भीतीने झाडं तोडण्याची मागणी होते. त्यांनी उष्टावलेली फळं खाऊ नका, एवढी काळजी घ्याच. झाड तोडल्याने मात्र वसाहत विखुरते, आजार जात नाही.

[दृश्य : झाडात लोंबणारे दोरे]

वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपलं तरी झाडांतले दोरे महिनोन्महिने तसेच राहतात. फेब्रुवारीत पोटाला पिल्लू बिलगलेली आई त्यांच्यातूनच उडते. म्हणून १६ तारखेला सकाळी लांब बांबूला आकडा बांधून हाताला येतील तेवढे दोरे उतरवा. विजेच्या तारांजवळचे सोडून द्या. गुंता तसाच कचऱ्यात टाकला तर गाई-कुत्र्यांच्या पायांत अडकतो. कात्रीने बोटभर तुकडे करा आणि पिशवीत बांधून द्या.