वाफेचे इंजिन पाहावे कसे?

नमस्कार. औद्योगिक वारशाच्या संग्रहालयात शिरल्यावर बहुतेकांची नजर त्या प्रचंड फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, खिळते, एखादे छायाचित्र काढले जाते आणि मंडळी पुढच्या दालनाकडे वळतात. माझे सांगणे असे, की वाफ कोठून आत येते आणि काम संपल्यावर कोठे जाते, एवढाच माग काढत इंजिनाभोवती एक फेरी मारा.

नेहमीच्या हवेच्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते आणि बंद भांड्यात तीच वाफ गार केली, की मागे जवळजवळ पोकळीच उरते. थॉमस न्यूकोमेन याच्या १७१२ च्या इंजिनाचा सारा भर या पोकळीवर होता. सिलिंडरमध्ये, म्हणजे ज्यात पिस्टन हा दट्ट्या सरकतो त्या नळकांड्यात, थंड पाणी फवारले, की वाफेचे पाणी होई आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलत असे. मात्र प्रत्येक फेरीला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच गार करायचा, त्यामुळे बराचसा कोळसा धातू तापवण्यातच खर्ची पडे. जेम्स वॉट याने १७६९ मध्ये पेटंट मिळवले, त्याचे मर्म वाफ गार करण्यासाठी वेगळे पात्र, म्हणजे कंडेन्सर, ठेवण्याच्या युक्तीत होते. हे पात्र पुष्कळदा जमिनीच्या पातळीखाली दडलेले असते. तेव्हा ते कोठे आहे हे मार्गदर्शकाला आवर्जून विचारा. आगीनगाडीच्या इंजिनात सहसा ते सापडणार नाही, कारण तेथे वापरलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात, तिच्या झोताने भट्टीत हवा ओढली जाते आणि ‘झुकझुक’ ऐकू येते ती त्या झोताचीच.

उभ्या दांड्याभोवती फिरणारे दोन गोळे दिसले, तर तेथे निवांत थांबा. हा इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर. पवनचक्क्यांमध्ये आधीपासून असलेली ही कल्पना वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडली. वेग वाढला, की गोळे बाहेर फाकतात, दांड्यावरील कडे सरकते आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग मंदावला, की याच्या उलट घडते. माझ्या मते अख्ख्या दालनातील सर्वांत हुशार वस्तू हीच, आणि तिच्यासमोर गर्दी जवळपास नसतेच.

इंजिन फिरत असले, तरी ते खरोखर वाफेवरच चालते आहे का, हे विचारून घ्यावे, कारण अनेक संग्रहालयांत ते विजेच्या मोटारीवर किंवा दाबलेल्या हवेवर फिरवतात. वाफेवर चालणार असेल, तर सुरू होण्याआधीच पोहोचा. चालक सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या लहान तोट्या उघडतो आणि अगदी बेताने वाफ आत सोडतो. गार धातूला लागून तिचे पाणी होते आणि ते फसफसत बाहेर पडते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे ते आत राहिले, तर पिस्टनच्या धडकेने सिलिंडरचे झाकणही फुटू शकते. तोट्यांतून कोरडी वाफ येऊ लागली, की चालक त्या बंद करतो.